आकाश निळे का?

1968 च्या डिसेंबर महिन्यात अहमदाबादेत एक वृद्ध शास्त्रज्ञ व्याख्यानास उभे राहिले. वय 80 वर्षे, डोक्यावर नेहमीचा फेटा, पदरी नोबेल पारितोषिक. विषय मात्र पाच वर्षांच्या मुलाने विचारावा असा: आकाश निळे का? वक्ते होते सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि निमित्त होते नव्याने उभ्या राहत असलेल्या सामाजिक विज्ञान केंद्राच्या समारंभाचे. केंद्राचे प्रवर्तक डॉ. विक्रम साराभाई तरुणपणी बंगळूर येथे रामन यांच्याच मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते. गुरूने शिष्याच्या उपक्रमासाठी विषय निवडला तो असा, की ज्यासाठी कोणतेही उपकरण लागू नये. मान वर केली की पुरे.

विक्रमभाईंचा परिचय या अंकाच्या वाचकांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. अहमदाबादच्या प्रतिष्ठित जैन गिरणीमालक घराण्यात 12 ऑगस्ट 1919 रोजी जन्मलेला हा पुत्र पुढे भारतीय अवकाश संशोधनाचा पाया घालणारा ठरला, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने त्यांच्या बालपणाची एक गोष्ट कमी सांगितली जाते. अंबालाल आणि सरलादेवी साराभाई यांनी आपल्या आठ मुलांसाठी बंगल्यातच शाळा चालविली होती. तेथे पुस्तके होती, उत्तम शिक्षक होते आणि विक्रमला हवी तशी खटपट करता येईल अशी कार्यशाळाही होती. किशोरवयात त्याने जाणकारांच्या साहाय्याने आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली. चूक झाली, एखादा भाग वाया गेला, तर रागावणारे कोणी नव्हते आणि नवा भाग आणण्यास पैसाही होता.

असे बालपण किती मुलांच्या वाट्याला येते? विक्रमभाईंच्या विज्ञान केंद्राकडे या प्रश्नाच्या उजेडात पाहिले की त्याचे खरे मोल ध्यानात येते. एका श्रीमंत घराच्या आवारात जे आठ मुलांना लाभले, ते गावातील कोणत्याही मुलाला, शिक्षकाला, गृहिणीला लाभावे, अशी ती योजना होती. इंजिनाची ती प्रतिकृती पुढे याच केंद्रात जपून ठेवण्यात आली. 30 डिसेंबर 1971 रोजी विक्रमभाईंचे अकाली निधन झाले आणि केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले.

रामन यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे द्यावयास हवे. कारण ते घरातल्या घरात पडताळता येते. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग मिसळलेले असतात. हवेच्या रेणूंवर आदळून हे रंग चहूकडे विखुरतात. पण सारखे नव्हेत. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी, म्हणून तो तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतो. आपण आकाशात कोठेही पाहिले तरी हा विखुरलेला निळा प्रकाश डोळ्यांत येतो. मावळतीच्या सूर्याचा प्रकाश मात्र हवेच्या फार जाड थरातून येतो. वाटेत निळा गळून जातो आणि तांबूस तेवढा उरतो. जांभळा तर निळ्याहूनही अधिक विखुरतो, मग आकाश जांभळे का नाही, असे एखादे चुणचुणीत मूल विचारील. सूर्यप्रकाशात जांभळा मुळात कमी आणि आपला डोळाही त्याच्या बाबतीत मंद, हे त्याचे कारण.

पडताळा असा: काचेच्या उभ्या पेल्यात पाणी घ्यावे, त्यात दुधाचे थोडेच थेंब टाकावेत आणि खोलीत अंधार करून एका बाजूने बॅटरीचा झोत सोडावा. बाजूने पाहिले तर पाणी किंचित निळसर दिसते. समोरून, झोताच्या रेषेत पाहिले तर बॅटरीचा दिवा नारिंगी भासतो. एका पेल्यात दुपारचे आकाश आणि सायंकाळचा सूर्य. दूध अधिक पडले तर काहीच दिसत नाही, आणि पहिल्या वेळी बहुतेकांच्या हातून ते अधिकच पडते.

स्वतः रामन यांची कीर्ती याच निळाईतून उगवली. 1921 मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांना चैन पडेना. समुद्राचा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे मोठमोठे विद्वान मानीत. रामन यांनी जहाजाच्या डेकवर उभे राहून एका साध्या स्फटिकलोलकाने ते प्रतिबिंब अडविले. निळाई तशीच राहिली. पुढे 28 फेब्रुवारी 1928 रोजी जो शोध जाहीर झाला, त्याचे हे बीज. 1987 पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास नारायणगावाजवळील खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या प्रचंड अँटेनांच्या सान्निध्यात विज्ञानाची जत्रा भरते. शाळकरी मुले स्वतः केलेली उपकरणे मांडतात आणि शेतकरी कुटुंबे ती पाहण्यास येतात.

पुण्याच्या आयुकात डॉ. जयंत नारळीकरांनी मुलांसाठी अशीच दारे उघडली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल, असे सांगत. तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिकेच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे हे नाव, आणि त्यात पु. ल. ही अक्षरेही आहेत; कारण वास्तूसाठी देणगी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाची. एका विनोदी लेखकाच्या नावाचा पैसा विज्ञानासाठी खर्ची पडावा, हे मराठी समाजाला भूषणावह आहे.

व्यापारी समाज देणगीत मागे नाही. परंतु देणगी बहुधा इमारतीला मिळते, कारण इमारतीला नामफलक लावता येतो. मुलांनी हाताळून तुटलेली कप्पी, फुटलेले भिंग, प्रयोग करून दाखविणाऱ्या तरुणाचे मासिक वेतन यांवर नाव कोरता येत नाही. मग व्यवस्थापक काय करतो? वस्तू काचेआड ठेवतो आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी लावतो. वस्तू वाचतात, केंद्र संपते. पेढीच्या हिशेबात घसारा लिहिण्यास कोणी लाजत नाही. येथेच तो नुकसान का वाटावा?

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. ‘सर्व वयांसाठी’ असे निमंत्रणपत्रिकेत छापलेले असते, पण नातवंडांना घेऊन आलेल्या आजी भिंतीलगतच्या खुर्चीवर पिशव्या सांभाळीत बसतात. त्यांना कोणी टेबलाजवळ बोलावीत नाही. त्याही उठत नाहीत, आपले अज्ञान उघडे पडेल या संकोचाने. जिने 50 वर्षे दूध तापविले, तिला ते उतू का जाते हे विचारले तर संभाषण तिच्या बाजूने सुरू होईल.

अशा आजींना अंगणाच्या मध्यभागी आणणारा एक दिवस असतो. वर्षातून दोन वेळा मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. कोल्हापुरात हे 6 मेच्या सुमारास घडते, पुण्यात 14 मेच्या, मुंबईत 15 मेच्या, नागपुरात 26 मेच्या. घड्याळात बारा वाजता मात्र नव्हे. भारताची प्रमाणवेळ बरीच पूर्वेकडील रेखांशाची असल्याने मुंबईत सुमारे 12 वाजून 35 मिनिटे होतात. यासाठी सभागृह नको, वर्गणी नको. सपाट फरशी आणि सरळ बाजूंची, उभी राहणारी वस्तू हवी. जुन्या दुकानाच्या माळ्यावर धान्य मोजण्याचे पितळी माप पडलेले असेल, तर ते उत्तम. दहा मिनिटे अगोदर ते उन्हात ठेवावे आणि सावलीच्या कडेवर खडूने रेघा मारण्याचे काम घरातील सर्वांत वडील माणसाकडे द्यावे.