जुन्या बंदुकीचा गंज काढताना

खंडेनवमी जवळ आली की आपल्या भागातल्या काही घरांत पणजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक खाली उतरते. मग घरातला एखादा उत्साही काचपेपर घेऊन बसतो. मला या उत्साहाचीच धास्ती वाटते.

पहिली गोष्ट जिवाची. नळी रिकामीच असेल असे कधीही धरून चालू नका. अशा बंदुका पुष्कळदा भरलेल्याच सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ मधील यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना स्फोट होऊन २००८ साली व्हर्जिनियात एका संग्राहकाचा जीव गेला.

बंदुकीच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये. एक सरळ लाकडी काठी नळीत अलगद सोडा आणि तोंडाशी खूण करा. तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहा. काठीचे टोक मागच्या बत्तीच्या छिद्राच्या बरेच अलीकडे थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. तिथेच थांबा. टोकरू नका, तापवू नका. पोलीस ठाण्याला कळवा.

नळी रिकामी असल्याची खात्री झाली की मग गंजाकडे वळा. लाल, भुसभुशीत गंज लोखंड खातो, तो काढायचा. पण तपकिरी, घट्ट बसलेला थर ही वयाची खूण आहे. तो राहू द्यावा. शिलाई मशीनचे तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्या, मग सुती फडक्याने पुसा. न निघालेला गंज तांब्याच्या पट्टीच्या कडेने हलकेच सोडवा. तांबे लोखंडापेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. चिंच, लिंबू, अ‍ॅसिड, तारेचा ब्रश आणि ग्राइंडर मात्र लांब ठेवा. नळीवर कोरलेले नाव, साल किंवा सोन्या-चांदीची तार एका घासण्यात जाते. घराण्याचा तेवढाच लेखी पुरावा शिल्लक असतो, आणि तो परत येत नाही. असे काम दिसले तर जाणकाराकडेच द्या.

पूजेतही जपा. ओली फुले, लिंबू आणि हळद-कुंकवाचे पाणी थेट लोखंडावर नको. संध्याकाळीच कोरडे पुसून तेलाचा हात फिरवा. चामड्याच्या किंवा लोकरीच्या गवसणीत ठेवू नका. आपल्याकडच्या पावसात ती ओल धरते.

आणि कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट जुनाट शस्त्राला मिळते, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. नुसते जुने असणे पुरेसे नाही. तुमची बंदूक कशात मोडते, हे ठाण्यात विचारून घ्या. परवाना लागत असेल तर तो आधी, फडका नंतर.