काठीआधी केरसुणी

भीमाशंकरच्या कुशीतील तळेघर परिसरात पावसाळा लागला की साप कोरड्या जागेसाठी घराकडे वळतो. भात, हिरडा साठविणाऱ्या घरी त्याला आणखी एक आमंत्रण असते, ते उंदरांचे. म्हणून गोण्या भिंतीपासून दूर, फळीवर रचाव्यात; सांडलेले दाणे रोज झाडावेत; सरपण घरालगत ठेवू नये. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर न निजता खाटेवर मच्छरदाणी लावून निजावे. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये. अवयव स्थिर ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

डिंभे धरणाखालच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचेही तसेच. उघड्यावरच्या खरकट्यामागे मोकाट कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. २००१ नंतर जुन्नर वनविभागात अनेक बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले; तरी हल्ले थांबले नाहीत. तेव्हा कचरा झाकावा, गोठा बंदिस्त असावा, सांजवेळी मुलांना एकटे सोडू नये. प्राणी दिसल्यास अंतर राखून वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

जीव मारण्याची वेळच न येऊ देणे, हीच गृहस्थाची जयणा. तिच्यात समोरच्या जिवाचे रक्षण आहे, तसेच घरातल्या लेकराचेही.