न विकण्याचा रकाना

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात शेतकऱ्याचा मोबाइल दिवसभर वाजत राहतो. कपाशीचे नवे वाण, ठिबकवर सूट, ट्रॅक्टरला कमी हप्ता. ज्याची दोन एकर जमीन पावसावर आहे, त्याला ठिबकचा संदेश येतो. ज्याने गेल्याच वर्षी ट्रॅक्टर घेतला, त्याला पुन्हा ट्रॅक्टरचाच फोन. पाठवणाऱ्याकडे दहा हजार नंबर असतात, पण त्यातला एकही माणूस त्याला माहीत नसतो. यातून शेतकऱ्याची चिडचिड होते, आणि ज्या दिवशी खरोखर उपयोगाचा फोन येतो त्या दिवशी तोही उचलला जात नाही.

नेमकी यादी कशी करायची, हे शिकायला या भागातल्या माणसाला दूर जावे लागत नाही. जवळच तेलगावला साखर कारखाना आहे. कुठल्याही कारखान्याचा शेतकी विभाग हजारो सभासदांना एकाच दिवशी तोड देत नाही. नोंद घेतानाच गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून घेतली जाते. मग आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशी वर्गवारी होते आणि पक्वतेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम ठरतो. कारखान्याचा चिटबॉय ज्या बांधावर जातो, तिथे जाण्याला कारण असते. या यादीत वशिला शिरला की गावात बोंब होते, ती यामुळेच: यादीचा नियम काय, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

विक्रीच्या यादीलाही असाच नियम हवा. समजा, एका ठिबक विक्रेत्याच्या वहीत चारशे खाती आहेत. पहिली चाळण पिकाची: गेली दोन-तीन वर्षे कपाशी किंवा ऊस कोणी घेतला? दुसरी पाण्याची: स्वतःची विहीर किंवा बोअर कोणाकडे आहे? तिसरी, ज्यांच्या शेतात ठिबक आधीच आहे ती नावे वगळायची. चौथी क्षेत्राची. गाव नमुना आठ-अ वर खातेदाराची गावातली एकूण जमीन दिसते, आणि दोन हेक्टरची रेघ इथे महत्त्वाची आहे. केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला ठरलेल्या खर्चमर्यादेच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर पडून ते ८० आणि ७५ टक्के होते. म्हणजे कोणाशी काय बोलायचे, हे फोन करण्याआधीच ठरते. चारशेची यादी तीस-चाळिसांवर आली तर विक्रेत्याने घाबरू नये. तीस-चाळीस बांधांवर माणूस स्वतः जाऊ शकतो. चारशे ठिकाणी फक्त संदेश जातो.

मात्र कागदावरची चाळण माणसे चुकीची गाळते, हेही इथल्याच अनुभवातून कळते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो पुण्यात नोकरीला असतो आणि शेत बटईने दुसराच करतो. विहिरीची नोंद असते, पण विहीर सामाईक असते आणि पाण्याची पाळी चार दिवसांनी येते. बीड जिल्ह्यात तर एक चाळण काळाचीच लावावी लागते. दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात अशा घरी गेलेला विक्रेता म्हाताऱ्या माणसांना भेटून परत येतो. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि नाव बहुतेक वेळा एकट्या नवऱ्याचे. तीच बाई घरच्या शेतात निंदते, वेचते, बियाण्याची पिशवी फोडते, पण विक्रेत्याच्या कुठल्याच यादीत ती नसते. म्हणून प्रत्येक खात्यापुढे दोन नावे असावीत: जमीन कोणाची आणि शेत कोण करते. हा रकाना कुठल्याही पोर्टलवरून भरता येत नाही. तो गावात बसूनच भरावा लागतो.

आणखी एक चाळण आहे, ती कायद्याने घातलेली आहे. खताच्या दुकानात शेतकरी पॉस मशीनवर अंगठा ठेवतो तो अनुदानित खतासाठी. योजनेच्या अर्जासाठी तो सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स देतो. त्या कागदांवरून विक्रीची यादी तयार करणे म्हणजे ठेव म्हणून दिलेली वस्तू मोडून खाणे आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. संमती घ्यायची तर कशासाठी ते स्पष्ट सांगून घ्यायची, आणि ती परत घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, हा त्याचा गाभा. नको असलेल्या फोनसाठी १९०९ हा क्रमांक आहेच. दुकानदाराला यात अवघड काही नाही. वहीत नाव लिहिताना एवढेच विचारायचे: "काका, ठिबकची काही योजना आली तर फोन करू का?" हो म्हटले तर तारीख टाकायची. नाही म्हटले तर तेही लिहायचे आणि पाळायचे.

आता मुद्द्याचे. आज यादी करणारा प्रत्येकजण कोणाला विकता येईल, एवढेच शोधतो. आमचे म्हणणे असे, की प्रत्येक यादीला शेवटचा एक रकाना असावा: यंदा विकू नये. ठिबकचे अनुदान संच बसवून, तपासणी होऊन मग खात्यात येते. तोवर सगळा खर्च शेतकऱ्यालाच पेलावा लागतो. ज्याच्यावर आधीच बचत गटाचे, फायनान्सचे आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे असे तीन हप्ते आहेत, त्याला चौथे कर्ज काढायला लावून केलेली विक्री महिन्याच्या टार्गेटमध्ये दिसते, पण त्या घराला बुडवते. ज्याची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, त्याला नळ्या विकून कपाशी भिजत नाही. या जिल्ह्याने कर्जाच्या ओझ्याखाली माणसे गमावली आहेत. इथे माल विकणाऱ्याला "मला काय माहीत" असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही, विशेषतः सगळी माहिती त्याच्याच वहीत असताना.

कंपन्यांनीही आपल्या प्रतिनिधीला किती फोन केले एवढेच विचारू नये. किती नावे वगळली आणि का, हेही विचारावे. त्या उत्तरावरून कळेल, की तो गाव ओळखतो की नुसते नंबर फिरवतो.

या रकान्यातली नावे फोनच्या यादीतून गळतात, वहीतून जात नाहीत. एखाद्या वर्षी पाऊस चांगला होतो, विहिरीला पाणी टिकते, उचल फिटते. तेव्हा तो शेतकरी स्वतः दुकानाची पायरी चढतो, कारण गेल्या वेळी याच माणसाने त्याला सांगितलेले असते: "भाऊ, यंदा राहू द्या. पाणी पुरणार नाही."