सावलीतले तळे आणि शेजाऱ्याचा हक्क

पावसाळा सरता सरता शेजारच्या खालाजान दारात आल्या. नातवाला डेंग्यू झाला होता. म्हणाल्या, "तुमच्या तळ्यातले डास आमच्याकडे येतात. तेवढे बुजवून टाका."

हे तळे अब्बांनी हौसेने बांधून घेतले. परसात दुसरी जागा नव्हती, म्हणून फणसाच्या सावलीत. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. नव्या सिमेंटचा खार उतरावा म्हणून पाणी अनेकदा बदलले, मग गप्पी मासे सोडले. कमळ काही फुलले नाही. त्याला दिवसाला पाच-सहा तास ऊन लागते. मग काठाला वेखंड आणि अळू लावले. सावलीमुळे शेवाळ कमी, पाणीही कमी आटते. पाखरे, मांजरे पाणी पितात, म्हणून आम्ही याला सवाबाचे काम समजत होतो.

म्हणूनच खालाजानचे बोलणे लागले. गप्पी असताना डास होतीलच कसे? बॅटरी घेऊन पाहिले, तर एकही मासा नव्हता. फणसाची पाने तळाशी कुजून पाणी काळे पडले होते. पाने कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. वर अळ्या वळवळत होत्या. वर्गात डासाचे जीवनचक्र आम्हीच शिकवतो!

त्या पोराला चावलेला डास इथला की दुसरीकडचा, कोण सांगणार? पण अळ्या आमच्या पाण्यात होत्या. शेजाऱ्याला त्रास न देण्याची ताकीद हजरत मुहम्मद (स.) यांनी थेट ईमानाशी जोडली आहे. आम्ही जाऊन माफी मागितली. त्याच दिवशी तळे उपसले आणि तळाचा गाळ झाडांच्या आळ्यात घातला.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आता दर जुम्म्याला सकाळी पाने काढायची, हा नेम चुकत नाही. वरून जाळी टाकली आहे, पाने अडतात. लहान मुलांच्या धास्तीने खाली लोखंडी गजांची चौकटही बसवली. थोडे पाणी काढून झाडांना घालतो आणि तेवढेच नवे भरतो. नळाचे पाणी मात्र दिवसभर उघडे ठेवून मगच. क्लोरीन माशांना सोसत नाही.

अल्हम्दुलिल्लाह, पोरगा बरा झाला. तळे बुजले नाही. मासे आहेत की नाही, ते पाहायला आता खालाजान स्वतः येतात.