काळ्या मातीची घडण आणि घराचा पाया

वैशाखात वाशीम जिल्ह्यातील शिवारांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या चार सरी कोसळल्या की त्या बुजतात. शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. मात्र याचे कारण मातीतील स्फटिकांच्या घडणीत आहे, आणि ती घडण गरिबाच्या खर्चाशी निगडित आहे.

स्फटिकांचे प्रकार असंख्य भासले, तरी त्यांतील पुष्कळांची उभारणी मोजक्या घटकांच्या निरनिराळ्या जुळणीतून होते. चिकणमातीचे सारे भांडवल म्हणजे दोन प्रकारचे पत्रे: एक सिलिकाच्या चतुष्फलकांचा, दुसरा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या अष्टफलकांचा. लायनस पॉलिंग यांनी १९३० मध्ये अशा थरयुक्त खनिजांची रचना उलगडून दाखविली. एकास एक पत्रा जोडला की केओलिनाइट होते. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून राहतात. कोकणच्या जांभ्या मातीत ते आढळते. दोन सिलिकापत्र्यांच्या मध्ये एक अष्टफलकांचा पत्रा बसला की मॉन्टमोरिलोनाइट होते. मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतक्या जाडीच्या या थरांमधील बंध दुबळा असल्याने त्यांत पाणी शिरते आणि माती फुगते. बेसाल्टापासून झालेल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीत याच गटातील खनिजांचे प्राबल्य आहे.

या गुणामुळे माती ओल धरून ठेवते व हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक साधते. परंतु शेताला जे वरदान, तेच घराला संकट. जमीन वर-खाली होते आणि उथळ पायावरील भिंतींना तडे जातात. उपाय अज्ञात नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया विकसित केला. प्रश्न खर्चाचा आहे. २०१६ मध्ये ग्रामीण घरकुलांसाठी सपाट प्रदेशात १.२० लाख व डोंगराळ, दुर्गम भागांत १.३० लाख रुपये असे दर ठरले. काळ्या जमिनीचा विचार त्या वर्गवारीत झाला नाही.

एकसारख्या दरांमुळे कारभार सुलभ होतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि पायात वाचविलेला पैसा नाहीसा होत नाही. तो पुढे दुरुस्तीच्या रूपाने घरमालकाच्याच माथी येतो. डोंगराचा चढ शासनाला दिसतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. मातीची घडण दिसत नाही, म्हणून तिचा भार गरिबाने एकट्याने सोसावा, हे न्याय्य नव्हे. यास्तव अनुदान ठरविताना जमिनीची जातही विचारात घेतली जावी.