ऑनलाइन मानसोपचार: दोष पडद्याचा की खोलीचा?

ऑनलाइन मानसोपचार म्हणजे समुपदेशक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी व्हिडिओ कॉलवर वा फोनवर, ठरलेल्या वेळी होणाऱ्या बैठका. कोविडच्या टाळेबंदीत ही पद्धत मोठ्या शहरांबाहेर पडली आणि नांदेड-लातूरकडे आली ती शंकांसह. नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा, की समोर बसल्याशिवाय मन मोकळे होत नाही. मोबाइलवर होतात त्या नुसत्या गप्पा. या आक्षेपाचा रोख चुकला आहे. पद्धतीत उणिवा आहेत, पण त्या पडद्यात कमी आणि पडद्याच्या अलीकडे-पलीकडे जास्त आहेत.

दुरून उपचार करणे नवे नाही. फ्रॉइडने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘छोट्या हान्स’च्या प्रकरणात सगळा उपचार मुलाच्या वडिलांमार्फत झाला, त्या दरम्यान फ्रॉइड मुलाला भेटला तो एकदाच. १९५३ मध्ये लंडनच्या चॅड व्हारा या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली, आणि १९५९ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्कात दूरचित्रवाणीच्या दुहेरी जोडणीवरून गटोपचार झाले. पुढे नैराश्य आणि चिंताविकारांवर तुलनात्मक चाचण्या झाल्या, तेव्हा ऑनलाइन दिलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, समक्ष उपचाराच्या बरोबरीने उतरली. पडदा काही हिरावून घेतो, हे मात्र मान्य करावे लागते. हातांची थरथर दिसत नाही, दारूचा वास येत नाही. रेंज कमी असली की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, आणि रडू आवरण्यासाठी कोणी गप्प झाले तर समुपदेशकाला आधी वाटते की कॉल तुटला. म्हणून कॉल तुटल्यास कोणी कोणाला साधा फोन करायचा, हे जाणकार समुपदेशक पहिल्याच दिवशी ठरवून घेतो.

समक्ष भेटीचा आग्रह धरणाऱ्यांनी नकाशाही पाहायला हवा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. किनवट किंवा माहूरच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी यायचे तरी दिवस मोडतो, आणि आठवड्याला एक बैठक म्हटली की रोजंदारी दर आठवड्याला बुडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण मराठवाड्याचे चित्र उजळ असेल, असे मानायला काही आधार दिसत नाही. अशा ठिकाणी निवड क्वचितच समक्ष आणि ऑनलाइन यांत असते. बहुतेकदा ती ऑनलाइन आणि काहीच नाही यांत असते.

‘नुसत्या गप्पा’ हे वर्णन पहिल्या बैठकीलाही लागू पडत नाही. ती साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि तिच्यात उपचारापेक्षा विचारपूस अधिक होते. त्रास कधीपासून आहे, झोप, भूक, कामधंदा, घरातली माणसे, पूर्वीचे आजार, चालू गोळ्या, व्यसन, जीव द्यावासा वाटतो का, हे सगळे विचारले जाते. शेवटचा प्रश्न अनेकांना खटकतो, पण विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत निराधार आहे. सध्या बसला आहात ते ठिकाण कोणते आणि अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, हेही नोंदवले जाते. दूरच्या समुपदेशकाला मदत पाठवण्याचा दुसरा मार्ग नसतो. पहिल्या दिवशी हलके वाटेलच असे नाही. जुने विषय निघाल्याने त्या रात्री अधिक जड वाटू शकते.

पुढच्या बैठकांतून काय साधते, याचे चांगले उदाहरण गोव्यातले आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम राबवला. समुपदेशक होते मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नेमके प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक. दिवसभरात काय केले आणि तेव्हा मन कसे होते याची नोंद ठेवायची, सुटलेली कामे थोडी-थोडी परत सुरू करायची, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा गुण आल्याचे ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये छापले. दोन बैठकांमधला गृहपाठ हाच अर्धा उपचार असतो आणि तो कॅमेऱ्यावर अवलंबून नसतो.

खरा अडसर खोलीत आहे. लातूरला नीटच्या तयारीसाठी आलेले लेकरू भाड्याच्या खोलीत दोघा-तिघांसोबत राहते. नांदेडच्या दोन खोल्यांच्या घरात सुनेने दार लावून फोनवर बोलणे हीच मोठी बातमी ठरते. हेडफोनने समुपदेशकाचे बोलणे झाकले जाते, स्वतःचे नाही. त्यामुळे लोक गच्चीवर, शेतात किंवा उभ्या गाडीत बसून बोलतात, आणि ते अगदी योग्य आहे. घरात बोलावे लागले, तर कोणी आत आल्याची खूण म्हणून एखादा शब्द आधी ठरवता येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. त्याला अपवाद मुख्यतः जिवाच्या धोक्याचा, आणि बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यास पोक्सो कायद्याखाली माहिती द्यावीच लागते. पण कायदा पातळ भिंतीचे काही करू शकत नाही.

विद्यार्थ्यांबाबत आणखी एक गुंता आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अल्पवयीन रुग्णासोबत ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती असल्याशिवाय डॉक्टर ऑनलाइन सल्ला देऊ शकत नाही. सतरा वर्षांच्या मुलाचे आईवडील उदगीरला किंवा मुखेडला असतात, आणि नेमके त्यांच्यापासूनच त्याला काही लपवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले, ते म्हणूनच महत्त्वाचे. या वयाला हाकेच्या अंतरावरचा माणूस लागतो. इथे ऑनलाइनच्या समर्थकांनी माघार घ्यावी.

एक चूक समर्थकांचीही आहे. ‘तीन बैठकांत नैराश्य गायब’ अशा जाहिराती या पद्धतीचे जेवढे नुकसान करतात तेवढे टीकाकारही करत नाहीत. कोणीही स्वतःला समुपदेशक म्हणवून घेऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि तो सांगायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नयेत. गोळ्या फक्त डॉक्टर लिहू शकतो. बैठक मराठीत होईल का, हेही आधी विचारावे. शुल्क परवडत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. साधा फोन असला तरी चालते आणि मराठीतही बोलता येते. तिथे दर आठवड्याला तोच समुपदेशक मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

काही अवस्थांत फोन पुरेसा नसतो. नसलेले आवाज ऐकू येणे, दारू अचानक सुटल्यावरची थरथर आणि भ्रम, विष घेतल्याची शंका, अन्नपाणी सोडणे, यांत रुग्णाला थेट जवळच्या रुग्णालयात, उदाहरणार्थ नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत न्यावे लागते. मात्र तिथून घरी आल्यावर ऑनलाइन पद्धत पुन्हा उपयोगी पडते. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेने २०१० पासून तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात फिरत्या बसमधून असेच दुरून उपचार केले: बस गावात, तज्ज्ञ चेन्नईत पडद्यावर आणि औषधे बसमध्येच. देगलूर किंवा निलंग्याच्या रुग्णालाही पहिली तपासणी समक्ष, पुढचा पाठपुरावा फोनवर आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा समक्ष, अशी विभागणी डॉक्टरांशी बोलून ठरवता येते.