धावपटूचे जुने बूट

मित्रांनो, डिसेंबर उजाडला की शाळाशाळांच्या मैदानांवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा उमटतात. शंभर मीटर, लांब उडी, खो-खो, लंगडी! शिट्टी वाजते, सगळे जीव तोडून धावतात आणि शेवटी तिघेच जण त्या तीन पायऱ्यांवर उभे राहतात. बाकीचे टाळ्या वाजवतात.

आणि ते बरोबरच आहे, बरं का! शर्यतीत जो आधी पोचला त्याचा पहिला नंबर. तिथे वशिला चालत नाही आणि दयासुद्धा चालत नाही. "बिचारा रोज सरावाला येतो, देऊन टाका त्याला एखादं पदक," असे पंच म्हणू लागले, तर पदकाला किंमत काय राहणार?

मग आयुष्यात सगळेच असे कमवावे लागते का? आज एका अशा धावपटूची गोष्ट सांगतो, ज्याने पदक स्वतःच्या पायांनी कमावले. पण देवाचे प्रेम काही असे कमवायचे नसते, अशी त्याची श्रद्धा होती.

त्याचे नाव एरिक लिडेल. जन्म १९०२ साली चीनमधल्या तिआनजिन शहरात. आईवडील स्कॉटलंडचे, ख्रिस्ती मिशनरी. एडिंबरा विद्यापीठात शिकताना तो रग्बी खेळायचा आणि वाऱ्यासारखा धावायचा. १९२३ साली इंग्लंडमधल्या स्टोक गावी ४४० यार्डांची शर्यत होती. सुरुवातीलाच धक्का लागून एरिक खाली पडला. बाकीचे पार पुढे निघून गेले. तुम्ही-आम्ही कपडे झटकत बाहेर आलो असतो! एरिक उठला, धावत सुटला, एकेकाला मागे टाकत गेला आणि चक्क पहिला आला. रेषा ओलांडल्यावर मात्र तो धाडकन कोसळला.

पुढल्याच वर्षी, १९२४ मध्ये, पॅरिसला ऑलिंपिक होते. एरिकची हुकमी शर्यत १०० मीटरची. पण तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी स्पर्धेत धावायचे नाही, हा त्याचा नेम. वेळापत्रक काही महिने आधीच कळले होते. त्याने १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरचा सराव केला. २०० मीटरमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले आणि ११ जुलैला ४०० मीटर त्याने ४७.६ सेकंदांत पार केली. सुवर्णपदक, आणि वर नवा ऑलिंपिक विक्रम! 'चॅरिअट्स ऑफ फायर' हा १९८१ सालचा इंग्रजी चित्रपट याच ऑलिंपिकवर आहे.

आता दुसरी बाजू पाहू. ख्रिस्ती धर्मात एक शब्द फार मोलाचा आहे : कृपा. म्हणजे लायकी न पाहता, मोबदला न मागता मिळालेली देणगी. आपल्याकडे देवळात प्रसाद वाटताना कुणी गुणपत्रिका मागतं का? ओंजळ पुढे केली की झालं. साधारण तसेच.

येशूने हे सांगण्यासाठी एक दृष्टान्त दिला. द्राक्षमळ्याचा एक मालक पहाटे नाक्यावर गेला. दिवसाची ठरलेली मजुरी कबूल करून त्याने काही मजूर आणले. मग सकाळी, दुपारी, एवढेच काय, दिवस मावळायला तासभर उरला असतानाही तो जाऊन आणखी मजूर घेऊन आला. संध्याकाळी त्याने सगळ्यांच्या हातावर सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी ठेवली. पहाटेपासून राबणारे चिडले. तुम्हीही म्हणाल, "हा तर अन्याय!"

पण जरा थांबा. पहाटेच्या मजुरांना जेवढे ठरले होते तेवढे मिळालेच. त्यांचे काहीच बुडाले नाही. आणि उशिरा आलेले काही झोपा काढत नव्हते. त्यांना दिवसभर कुणी कामावर घेतलेच नव्हते. घरी त्यांचीही पोरेबाळे असणार. मालकाने तास मोजले नाहीत, गरज पाहिली. देवाचा हिशेब असा असतो, हे येशूला सांगायचे होते.

गंमत म्हणजे संत पौलाला ह्या दोन्ही बाजू ठाऊक होत्या. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत. विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. करिंथच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्रात पौलाने याच धावपटूंचा दाखला दिला : त्यांच्यासारखी शिस्त बाळगा, जिंकण्यासाठी धावा, पण त्यांचा मुकुट सुकून जातो, हेही ध्यानात ठेवा. आणि त्याच पौलाने रोमच्या मंडळींना लिहिले, की मजुरी हा कामकऱ्याचा हक्क असतो, कृपा मात्र मजुरी नव्हे, ती देणगी आहे.

"फुकटच मिळणार असेल तर मेहनत कशाला करायची?" असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर एरिकच्या पुढच्या आयुष्यात सापडते.

पदक मिळवून तो नाव-पैसा कमवत बसला नाही. १९२५ मध्ये तो चीनला परतला आणि शिक्षक झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेइशिएनच्या छावणीत कोंडले. तिथे आईवडिलांपासून ताटातूट झालेली कितीतरी मुले होती. एरिककाका त्यांना विज्ञान शिकवी, त्यांचे खेळ घेई. एकदा रविवारी मुलांनी पंचाशिवाय हॉकी खेळायला घेतली आणि मारामारी जुंपली. ज्याने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तोच एरिक मग त्या मुलांसाठी रविवारी पंच म्हणून मैदानात उतरला!

त्या मुलांत स्टीव्ह मेटकाफ नावाचा एक जण होता. ऐन थंडीत त्याच्या पायांत धड बूट नव्हते. एरिकने आपले धावण्याचे जुने बूट, दोऱ्यांनी कसेबसे सांधलेले, त्याला देऊन टाकले. स्टीव्हने कुठली शर्यत जिंकली होती म्हणून नव्हे. त्याचे पाय गारठले होते म्हणून. त्यानंतर काही आठवड्यांतच, २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतल्या गाठीने एरिक गेला. तो जेमतेम ४३ वर्षांचा होता. शत्रूसाठीही प्रार्थना करा, असे तो मुलांना शिकवत असे. छावणीत जपान्यांच्या कैदेत राहिलेला स्टीव्ह मोठेपणी मिशनरी होऊन गेला तो नेमका जपानलाच, आणि तिथल्या लोकांत अनेक वर्षे राहिला.

पाहिलंत? ज्याला आपल्याला भरभरून मिळाले आहे असे वाटते, तो हातावर हात धरून बसत नाही. तोही मेहनत करतो, पण कुणाचे प्रेम मिळवण्यासाठी नव्हे. आधीच मिळालेल्या प्रेमाच्या आनंदात करतो.

म्हणून मित्रांनो, मैदानावर उतराल तेव्हा कसून सराव करा, नियम पाळा, जिंकण्यासाठीच धावा. हरलात तर रडूही येईल, येऊ द्या. पण चौथा नंबर आला म्हणजे आपण चौथ्या नंबरचे माणूस झालो, असे मात्र समजू नका. घड्याळ धावण्याचे सेकंद मोजते, तुम्हांला मोजत नाही.

आणि आईबाबांनो, थोडे तुमच्यासाठी. येशूचा उधळ्या मुलाचा दृष्टान्त तुम्ही ऐकला असेल. सगळे गमावून, मान खाली घालून मुलगा घरी परततो. त्या गोष्टीत धावतो कोण, आठवतंय? मुलगा नव्हे, बाप. मुलाला लांबूनच पाहून तो धावत जातो आणि त्याला मिठी मारतो. पोराने काय कमावले, काय घालवले, हे विचारायलाही तो थांबत नाही. शर्यतीहून मूल घरी आले की "कितवा नंबर?" हा प्रश्न जरा मागे ठेवून पाहा. आधी पाणी द्या, जवळ घ्या. नंबर काय, ते आपणहून सांगेलच!